जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेताय? आधी पाणी कुठं आहे ते बघा

गोव्यात मालीम, चापोरा, कुटबण, बेतुल, कुठल्याही जेटीवर दोघा-तिघांना "जुनं मशीन कुणी काढतंय का?" एवढं विचारलंत, तरी संध्याकाळपर्यंत पत्ते लागतात. मशीन मिळणं कठीण नाहीच. त्यातलं घेण्यासारखं कुठलं, हे ओळखणं कठीण. खाऱ्या पाण्यात राबलेल्या इंजिनाला वरून स्प्रे मारला की ते दोन तासांत नवं दिसायला लागतं. आतलं मीठ मात्र जागच्या जागी असतं.

नदीत गरवायला किंवा घरच्या होडीला म्हणून पहिलंच आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचं इंजिन, घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण बहुतेक सगळ्या शेवटी पाण्याशी येऊन ठेपतात. इंजिन थंड ठेवायला जिथून पाणी वाहायला हवं तिथून ते वाहतंय का, आणि गिअर, सिलिंडर, पेट्रोल अशा जिथं ते असता कामा नये तिथं शिरलंय का. आवाज, रंग, स्टिकर यांचा नंबर त्यानंतर.

टू-स्ट्रोकच का, याचं उत्तर थोडक्यात. लहान मशीनमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं. सुटे भाग कमी, वजन कमी, आणि बिघडलं तर जेटीवरचा मेकॅनिक उघडून बसवतो. १० एचपीच्या आसपासचं जुनं टू-स्ट्रोक एकट्या माणसाला खांद्यावर टाकून चिखलातून होडीपर्यंत नेता येतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक नेताना दुसरा माणूस लागतो. अमेरिका-युरोपात प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक नवी विकणं बंद झालं, आपल्या किनाऱ्यावर ती अजून चालतात. तोटेही डोळ्यांसमोर असू द्या: पेट्रोल जास्त पितात, धूर करतात, आणि न जळलेलं ऑइल थेट नदीत सोडतात. रोज दोन-तीन तास चालवणार असाल तर फोर-स्ट्रोकचा हिशेब आधी करा.

होडी मोजल्याशिवाय घराबाहेर पडू नका

नवख्या माणसाचे पैसे सर्वांत जास्त इथं वाया जातात. आउटबोर्डच्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, लांबी ठरलेली असते. लहान शाफ्ट साधारण १५ इंचांचा, लांब २० इंचांचा. होडीच्या मागच्या फळीवर जिथं क्लॅम्प बसतो तिथपासून सरळ खाली तळापर्यंत टेप लावा. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. १५ इंचांच्या फळीला लांब शाफ्ट लावलात तर ओढ वाढते आणि साळ नदीच्या मुखाशी वाळूत तोच आधी रुततो. उलट केलंत तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. यामाहाच्या मॉडेल नंबरात शेवटी एस किंवा एल असतं, पण अक्षरावर न जाता टेप लावूनच बघा. मधला भाग बदललेली इंजिनं फिरत असतात.

ताकदीचा मोह आवरा. १६-१७ फुटी हलक्या होडीला नदीत ८ ते १० एचपी पुरतात. जास्त ताकद म्हणजे मागच्या फळीवर जास्त वजन आणि जास्त धक्का, आणि जुन्या लाकडी होडीची ती फळी आतून कुजलेली असू शकते. टाचणी रुतते का बघा. मासेमारी करणाऱ्यांसाठी १० एचपीला आणखी एक कारण आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत गोव्यात १० एचपीपर्यंतच्या मोटरवर, जाळं टाकून मासे धरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना सूट देण्याचा प्रघात आहे. म्हणून ९.९ एचपीच्या मशीनकडे पाग्यांचं, म्हणजे मच्छीमारांचं, लक्ष असतं आणि ती स्वस्तात सहसा सुटत नाहीत. त्या-त्या वर्षीचा आदेश वाचूनच त्यावर विसंबा.

कंपनी कुठली घ्यावी यावर जेटीवर तासभर वाद रंगतो. माझ्यापुरता तो एका प्रश्नात मिटतो: तुमची होडी जिथं बांधलेली असते, तिथला सर्वांत जवळचा मेकॅनिक कुठलं मशीन डोळे मिटून उघडतो? त्याच्याकडे ज्याचे पाण्याच्या पंपाचे इम्पेलर आणि गॅस्केट कपाटात पडलेले असतात, ते घ्या. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, तोहात्सू सगळी चालतात. जुनं जॉन्सन किंवा एव्हिनरूड दणकट असतं, पण एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्येच बंद झालंय. पार्ट शोधत फिरायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

आणि रॉकेलवर चालणारं मॉडेल? ते पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकायचं असतं, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं असतं, आणि कार्बन भराभर जमतो. धंद्यातल्या माणसाच्या हाताला ही सवय असते. पहिल्यांदा घेणाऱ्यानं त्यात पडू नये.

फोनवरच ठरवून घ्या

निघण्याआधी मालकाला एवढंच सांगा: "दादा, मी येईपर्यंत सुरू करू नका." थंड इंजिन पहिल्यांदा कसं उठतं, यावरून निम्मी गोष्ट कळते. पोचल्यावर कव्हर काढून सिलिंडरवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी दोरी ओढून घाम गाळलाय. चहा घ्या, गप्पा मारा, ते थंड होईपर्यंत थांबा.

विचारायच्या गोष्टी अशा: पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता, किती दिवस पडून आहे, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर कधी बदलला. इम्पेलर म्हणजे रबरी पात्यांचं चाक, वर्षा-दोन वर्षांत बदलायचंच असतं. "कधी गरजच पडली नाही" असं उत्तर आलं तर ते लक्षात ठेवा, पुढे इंजिनातून पडणारी पाण्याची धार बघताना उपयोगी पडेल. किती चाललंय हे विचारण्यात अर्थ नाही. लहान मशीनवर तासांचा मीटर नसतो, आणि गोव्यात विकायला निघालेलं प्रत्येक मशीन फक्त रविवारी चालवलेलं असतं.

वेळ कुठली? मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, बरीच मशीनं विकायला निघतात आणि नदीही शांत असते, म्हणजे पाण्यावर चालवून बघता येतं. जुलैत गोठ्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली ठेवलेलं स्वस्त मशीन दिसेल. ते पिंपात सुरू होईल, पण ओझं ओढतं की नाही हे तुम्हाला ऑगस्टनंतरच कळणार, तेव्हा पैसे देऊन झालेले असतील.

उभ्यानं बघताना

सगळीकडे ताजा रंग आणि बोल्टच्या डोक्यांवरही रंग, अशा मशीनवर मी वेळ घालवत नाही. ओरखडे पडलेलं, मूळ रंगाचं इंजिन त्यापेक्षा बरं. सिलिंडरच्या हेडच्या कडेला किंवा एग्झॉस्टच्या झाकणाच्या सांध्यावर पांढरी खडी धरलेली दिसली, तर तिथून खारं पाणी झिरपतंय. हेडपाशी रंग फुगलेला किंवा करपलेला असेल तर इंजिन कधीतरी तापलंय. बोल्टची खाच झिजलेली असेल तर कुणीतरी उघडायचा प्रयत्न केलाय. ॲल्युमिनियममध्ये मिठानं धरलेला बोल्ट तुटला की तो काढायचा खर्च मशीनच्या किमतीच्या मानानं जिव्हारी लागतो.

पंख्याच्या वर आणि क्लॅम्पपाशी जस्ताचे तुकडे बसवलेले असतात, ॲनोड. मशीनऐवजी त्यांनी झिजायचं असतं. अर्धवट झिजलेला ॲनोड चांगलं लक्षण आहे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात असूनही कोरा दिसणारा ॲनोड रंगाखाली गाडलेला असतो, आणि मग झीज बॉडीनं सोसलेली असते.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, मशीन वर उचलून खिळीवर ठेवा, क्लॅम्पचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवा. गंजून अडकलेले असतील तर ग्रीसची नळी त्या घरात कधी आलेली नाही. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. हाताला कटकट लागली तर क्रँकची बेअरिंग गेलेली असण्याची शक्यता आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये ते काम मोठं असतं.

खालचा भाग, इथं घाई नको

गिअरच्या डब्याला दोन स्क्रू असतात, एक वर, एक अगदी तळाशी. मशीन रात्रभर उभं ठेवलेलं असेल तर उत्तम, कारण पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं. तळाचा स्क्रू हळूच सैल करा आणि खाली पांढरी बशी धरा. पहिलाच थेंब पाण्याचा आला, किंवा दुधाळ, मलईसारखं काही आलं, तर सील गेलेत. काळपट पण स्वच्छ ऑइल चालेल. स्क्रूच्या टोकाला चिकटलेला बारीक राखाडी लेप ठीक; नखात पकडता येतील असे धातूचे कण आले तर गिअरचे दात जात आहेत.

"गेल्या महिन्यातच ऑइल बदललंय, बाब," असं ऐकू आलं की मी जरा सावध होतो. ते खरंही असेल. पण दुधाळ ऑइल लपवायचा तोच सोपा मार्ग आहे. अशा वेळी मशीन पाण्यावर चालवून झाल्यावर पुन्हा तोच स्क्रू सैल करून बघा.

आता पंखा काढा. मालकाला विचारून, पक्कड आपली. खिळ सरळ करून नट उतरवला की पंखा ज्यावर फिरतो त्या आडव्या शाफ्टवरून सरकत बाहेर येतो. त्याच्या मागे, शाफ्ट जिथं गिअरच्या डब्यात शिरतो तिथं, बोट फिरवा. आपल्या नद्यांत जाळ्यांचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, इतकं तरंगत असतं की ते पंख्यात ओढलं जातंच. शाफ्टभोवती वेटोळे पडतात, उष्णतेनं वितळतात आणि काचेसारखं पिवळट, कडक कडं तयार होतं. ते हळूहळू रबरी सील कापतं, मग गिअरमध्ये पाणी. कडं सापडलं म्हणजे मशीन सोडून द्यायचं असं नाही. ते कापून काढा, सील बदलावं लागेल हे धरून किंमत खाली आणा. गिअर ऑइलही दुधाळ असेल आणि मालक कधीपासून ते सांगू शकत नसेल, तर आत गंज किती ते उघडल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा मी निघतो.

पंख्याच्या मधल्या रबरी बुशावर आणि बाहेरच्या नळीवर मार्करनं एक सरळ रेघ मारून ठेवा, पुढे कामाला येईल. अगदी लहान मशीनमध्ये बुशाऐवजी पितळी पिन असते. दगडावर आपटल्यावर पिन मोडते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी कुणी साधा खिळा ठोकलेला असेल तर पुढच्या आपटीला काय मोडेल ते समजून घ्या. स्पार्क प्लग काढून, गिअर पुढे टाकून, कुणाला तरी फ्लायव्हील हळू फिरवायला सांगा आणि शाफ्टच्या टोकाकडे एकटक बघा. टोक गोल न फिरता डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय.

प्लग आणि दाब

प्लग काढल्यावर ते सिलिंडरच्या क्रमानं कागदावर मांडा. कॉफीच्या रंगाचे, किंचित ओलसर असतील तर छान. एकच प्लग वाफेनं धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण कमी मिळतंय, इंजिन तापतंय. आणि एक प्लग उजेडाकडे धरून, जमल्यास भिंगातून, चिनीमातीवर बघा: मिरीच्या पुडीसारखे चमकदार बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पुढचं काहीच तपासू नका.

दाब मोजायचा गेज मोटारसायकल गॅरेजवाल्याकडून उसना मिळतो. सगळे प्लग बाहेर, किल स्विचची, म्हणजे इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी काढलेली, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी जोरात ओढा. पेट्रोलवरच्या लहान टू-स्ट्रोकमध्ये १०० पीएसआयच्या वरचा आकडा दिलासा देतो, रॉकेलच्या मॉडेलमध्ये तो मुळातच कमी असतो. पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. त्याहून बराच जास्त असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केट यातलं काहीतरी गेलंय. एकाच सिलिंडरच्या मशीनमध्ये तुलना करता येत नाही, तिथं मेकॅनिकला सोबत न्या.

सुरू करून, आधी पिंपात

आउटबोर्ड कोरडं कधीच चालवायचं नाही, "जरा पाच सेकंद आवाज ऐकवतो" म्हणूनही नाही. रबरी इम्पेलर पाण्याविना फिरला की लगेच जळतो. पाण्यानं भरलेल्या पिंपात मशीन अडकवा, पाण्याची पातळी त्या आडव्या पट्टीच्या वर येऊ द्या, आणि पिंपात गिअर टाकू नका.

चोक ओढून थंड इंजिन थोड्या दोऱ्यांत उठायला हवं. उठल्या-उठल्या मागून किंवा बाजूनं पिचकारीसारखी धार पडू लागली पाहिजे. धार येत नसेल तर लगेच बंद. कधी कधी त्या भोकात चिखल किंवा मीठ अडकलेलं असतं. बारीक तार घालून पुन्हा बघा. धार आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती पंप चालतोय एवढंच सांगते. सिलिंडरभोवतीच्या वाटा मिठानं बुजलेल्या असल्या तरी धार पडू शकते. पाच-सात मिनिटांनी हेडवर बोट टेकवा. हात ठेवता येईल इतकं गरम असावं, चटका बसून झटकन मागे घ्यावा लागला तर आतून पाणी फिरत नाहीये.

मग नदीत

चालवून बघू न देणाऱ्याकडून मी मशीन घेत नाही, मग कारण कितीही गोड असो. लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची दोरी मनगटाला अडकवा आणि ओहोटी लागलेली असताना तिच्या विरुद्ध चला. रायबंदरसमोर मांडवीत किंवा शिवोलीपाशी चापोरा नदीत यासाठी चांगली जागा मिळते. होडीत दोघं-तिघं बसलेले असावेत, रिकाम्या होडीत दुबळं मशीनही पळतं. निदान १५ मिनिटं पूर्ण जोरात चालवा. पुढचा गिअर ओझ्याखाली ठक करून सुटत असेल तर आतले दात घासलेत. इंजिनाचा आवाज चढतो पण होडीचा वेग चढत नाही, असं झालं तर काठाला येऊन मार्करची रेघ बघा; सरकलेली असेल तर पंख्याचं बुश सुटलंय, हा खर्च सोसण्यासारखा आहे. गरम झाल्यावर एक सिलिंडर सोडणं, बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा न उठणं, ही इग्निशनच्या कॉइलची किंवा सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याची) लक्षणं असू शकतात. पिंपात ती दिसतच नाहीत.

कागद

सीरियल नंबरची पट्टी क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर असते. ती खरवडलेली असेल, रिव्हेट नव्या दिसत असतील, किंवा पट्टीच नसेल, तर मशीन कितीही चांगलं असलं तरी हात जोडा. चोरीची आउटबोर्ड किनाऱ्यावर फिरत असतात. मूळ बिल मागा. परदेशातून आणलेलं असेल तर कस्टमची कागदपत्रं मागा. सरकारी अनुदानातून घेतलेलं मशीन असेल तर ते विकायला काही अट आहे का, हे मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्या. विक्रीची चिठ्ठी साध्या कागदावर लिहिली तरी चालेल, पण तीवर सीरियल नंबर, मॉडेल, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत हवी. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्योद्योग खात्याकडे, हौसेच्या किंवा प्रवासी होडीची बंदर कप्तान खात्याकडे. मशीन बदललं की ती नोंदही अद्ययावत करून घ्या.

किमतीबद्दल माझा साधा ठोकताळा: आधी दुकानात त्याच ताकदीच्या नव्या मशीनचा भाव विचारा. जुन्याला त्याच्या निम्म्याहून जास्त मागत असतील तर पार्टची उपलब्धता आणि वॉरंटी नसणं हे दोन्ही त्या आकड्यातून वजा करून बघा, सहसा उत्तर मिळतं.

घरी आणल्यावर

मालकानं काहीही सांगितलेलं असो, इम्पेलर, गिअर ऑइल, प्लग आणि पेट्रोलची रबरी नळी बदलूनच पहिली फेरी मारा. गिअर ऑइल तळाच्या भोकातून वर ढकलत भरायचं, वरच्या भोकातून सांडायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलंत तर हवा अडकते.

ऑइल आउटबोर्डचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं टू-टी स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच पाळा. ५०:१ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०० मिलिलिटर. डबा आधी अर्धा भरा, ऑइल ओता, हलवा, मग उरलेलं पेट्रोल.

पेट्रोलचाच आजकाल जास्त त्रास आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं, आणि गोव्याच्या दमट हवेत टाकीत तळाशी पाणी बसायला वेळ लागत नाही. जुन्या कार्ब्युरेटरचं रबरही त्यानं फुगतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या, महिना-महिना मिश्रण साठवू नका, आणि दिवसाच्या शेवटी नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. ते गोड्या पाण्याच्या पिंपातच चालवलंत तर आतलं मीठही त्याच वेळी धुऊन निघतं. नंतर मशीन उभंच ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल, आडवं ठेवायचं असेल तर निथळल्यावरच.

पहिले काही दिवस भरतीच्या वेळी नदीतच चालवा, आग्वादच्या मुखाकडे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात तिथं जाऊ नका. होडीत एका डब्यात दोन प्लग, प्लगचा पाना, दोन-तीन पिना, पक्कड, स्टार्टरची दोरी तुटली तर फ्लायव्हीलला गुंडाळायला दुसरी दोरी, आणि एक जोड वल्ही ठेवा.